नऊ राण्या, मराठी अक्षरं : ठाण्यातल्या हॉलमध्ये ‘नुएवे रेइनास’ दाखवायचा तर

‘नुएवे रेइनास’ म्हणजे ‘नऊ राण्या’. फाबियान बिएलिन्स्कीचा हा अर्जेंटिनी चित्रपट ऑगस्ट २००० मध्ये प्रदर्शित झाला. लांबी ११४ मिनिटं. कथा जेमतेम एका दिवसाची: पेट्रोलपंपावरच्या दुकानात पहाटे गाठ पडलेले दोन भामटे, मार्कोस आणि हुआन, जर्मनीतल्या वायमार प्रजासत्ताकाच्या काळातल्या दुर्मीळ टपाल तिकिटांचा बनावट ताव एका श्रीमंत स्पॅनिश संग्राहकाच्या गळ्यात मारायला निघतात. मार्कोसचं काम रिकार्दो दारिनने केलंय, हुआनचं गास्तोन पाउल्सने आणि मार्कोसच्या बहिणीचं, वालेरियाचं, लेतिसिया ब्रेदिसेने. कथेबद्दल प्रेक्षकांना आधी एवढंच सांगावं, एक वाक्यही जास्त नको.

या चित्रपटाची सगळी मजा नजरेत आहे. नोट कुठल्या हातातून कुठल्या हातात गेली, पाकीट कुणी उचललं, कोण बोलतंय आणि त्या वेळी दुसरा कुठे बघतोय, हे दिसलं तरच चित्रपट कळतो. प्रेक्षकाचा डोळा खालच्या अक्षरांत अडकला तर त्याला गोष्ट समजते, पण हातचलाखी निसटते. खाली सबटायटल्सपासून खुर्च्यांपर्यंत जे काही सांगितलंय, ते सगळं डोळा मोकळा राहावा यासाठी.

आधी परवानगी

ओटीटीच्या वर्गणीत किंवा विकतच्या डिस्कमध्ये घरी बघण्याचा हक्क येतो, क्लबहाऊसमध्ये पन्नास जणांना दाखवण्याचा येत नाही. हक्कधारकाकडून एका खेळाची लेखी परवानगी घ्यावी लागते. हा चित्रपट पॅटागोनिक फिल्म ग्रुपच्या निर्मितीतला आहे, शोध तिथून सुरू करता येतो. मुंबईत अर्जेंटिनाचा वाणिज्य दूतावास आहे, योग्य माणसापर्यंत पोचण्यासाठी तिथेही पत्र टाकावं. पत्रात तीन गोष्टी वेगवेगळ्या मागाव्यात: खेळ, मराठी भाषांतर आणि ते भाषांतर चित्रावर छापायची मुभा. पहिलीच मागितली तर उरलेल्या दोन्हींसाठी पुन्हा पत्रव्यवहार करावा लागतो. सर्वांना खुला खेळ ठेवला तर सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ खालच्या प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. त्यामुळे नोंदणीकृत फिल्म सोसायटीच्या मार्फत, फक्त सभासदांसाठी खेळ ठेवणं जास्त सोपं. या सगळ्याला दोन-तीन महिने धरून चला. सबटायटल्सचं कामही तेवढंच चालतं.

सबटायटल्स: खरं काम इथे आहे

ठाण्यातल्या बहुतेक प्रेक्षकांना इंग्रजी सबटायटल्स वाचता येतात, मग मराठीची खटपट कशाला? कारण परकी भाषा वाचायला जो अर्धा सेकंद जास्त लागतो, त्याच अर्ध्या सेकंदात पडद्यावर नोट बदललेली असते. शिवाय इंग्रजीत आणताना ब्युनोस आयर्सची रस्त्यावरची बोली, जिला तिकडे ‘लुनफार्दो’ म्हणतात, बरीचशी सपाट होते. भाषांतर इंग्रजीवरून करू नये. स्पॅनिश सबटायटल्स समोर ठेवावीत आणि इंग्रजी फक्त पडताळ्यासाठी वापरावीत. स्पॅनिश येणारा किमान एक जण गटात हवाच. तो स्पेनच्या पद्धतीने शिकलेला असेल तर पहिला तासभर त्याचा कान अडखळेल, कारण इथे ‘यो’चा उच्चार ‘शो’ होतो आणि ‘तू’च्या जागी ‘वोस’ येतं.

साधन म्हणून ‘सबटायटल एडिट’ किंवा ‘एजिसब’ पुरे, दोन्ही फुकट आहेत. अशा बोलक्या चित्रपटाला बाराशे ते पंधराशे सबटायटल्स लागतात. तिघांनी पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे वाटून घेतले तर पहिला खर्डा चाळीसेक तासांत उभा राहतो. मग एकाच माणसाने सगळ्यावरून हात फिरवायचा. नाहीतर मार्कोस पहिल्या तुकड्यात पुणेरी बोलतो आणि तिसऱ्यात आगरी.

ओळीत ३५ अक्षरांच्या आसपास, एका वेळी दोनच ओळी, कमीत कमी एक सेकंद आणि जास्तीत जास्त सहा सेकंद, हे माप ठेवा. सॉफ्टवेअर वाचनाच्या वेगावर लाल खूण करतं, पण तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ते काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं मोजतं. ‘स्त्री’ हा शब्द आपल्याला एका नजरेत वाचता येतो, यंत्र त्याची सहा चिन्हं धरतं. खरी कसोटी तोंडाची आहे: आवाज बंद करून चित्र चालू ठेवा आणि सबटायटल्स मोठ्याने वाचा. वाचताना दम लागला की ओळ लांब आहे.

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही नंतर. ‘पैसे मी घेतले’ एका सबटायटलात आणि ‘नाहीत’ पुढच्यात गेलं, तर मधले दोन सेकंद प्रेक्षक उलटंच समजून बसतो. एरवी हे चालून जातं. फसवणुकीच्या चित्रपटात मात्र प्रेक्षक प्रत्येक वाक्य तोलत असतो, त्याला लागलेला खोटा सुगावा दिग्दर्शकाने पेरलेला असला पाहिजे, तुम्ही नव्हे. क्रियापद आणि नकार कधीही तोडू नका, गरज पडली तर वाक्य पूर्ण बदला.

त्याहून नाजूक बाब लिंगाची. स्पॅनिशमध्ये ‘विनो’ एवढं म्हटलं की कुणीतरी आलं एवढंच कळतं. मराठीत ‘आला’ किंवा ‘आली’ लिहिलं की पडद्यावर न दिसलेल्या माणसाबद्दल आपण नको ती माहिती देऊन बसतो. अशा जागी ‘कुणी येऊन गेलं’, ‘निरोप आलाय’, ‘फोन होता’ अशी वाक्यं करावीत. खर्डा पुरा झाला की फक्त याच दोषासाठी एक फेरी करा, दोन-चार जागा हमखास सापडतात.

नातेवाचक शब्दांत तर एक प्रसंग अडूनच बसतो. मार्कोस एका इमारतीच्या इंटरकॉमवरून बायकांना ‘तिया’ अशी हाक मारतो आणि पलीकडची म्हातारी आपण होऊन भाच्याचं नाव घेईल याची वाट पाहतो. ‘तिया’ शब्द मोघम आहे म्हणून तर ही युक्ती चालते. मराठीत आत्या, काकू, मामी, मावशी असे चार कप्पे. ‘आत्या’ लिहिलं की भामट्याने नातं आधीच ठरवून टाकलं आणि युक्तीतली हवाच गेली. इथे ‘मावशी’च लागतो. आपण अनोळखी बाईलाही मावशी म्हणतो आणि सख्ख्या मावशीलाही. ऐकणारीने हवं ते समजावं. अर्जेंटिनात अशा थापेबाजीला ‘कुएन्तो देल तिओ’ म्हणजे ‘काकाची गोष्ट’ म्हणतात, तिओमध्ये मामाही आलाच. आपल्याकडे ‘मामा बनवणं’ आहेच. हा शब्द एखाद्या योग्य जागी जरूर वापरा.

आता मार्कोसचं रस्त्यावरचं भाषण. भर गर्दीत उभा राहून तो चोरांच्या जातींची नावं भराभर घेतो: पुंगा, मेचेरा, एस्क्रुचान्ते, बोकेतेरो, मोस्तासेरो अशी डझनभर. हा चित्रपटाचा कणा आहे, त्याला दोन-तीन दिवस द्या. पुंगा म्हणजे खिसेकापू. मेचेरा म्हणजे दुकानातून माल लांबवणारी बाई. एस्क्रुचान्ते घरफोड्या. बोकेतेरो भिंतीला भगदाड पाडून आत शिरणारा, त्याला ‘भगदाडवाला’ शोभतं. मोस्तासेरो अंगावर मोहरीची चटणी सांडतो आणि पुसून देण्याच्या बहाण्याने हात मारतो. ‘शर्टावर घाण पडलीये साहेब’ म्हणत बॅग पळवणारे आपल्याकडच्या बातम्यांतही असतात, त्यामुळे ‘घाणटाक्या’ म्हटलं की लोकांना लगेच कळतं. सगळी नावं अचूक बसवण्याच्या नादाला लागू नका. तिथे अर्थापेक्षा यादीचा वेग मोठा आहे. शब्द तीन-चार अक्षरांचे ठेवा, स्वल्पविराम द्या आणि दारिनच्या श्वासाबरोबर सबटायटल तोडा. बाकी चित्रपटासाठी आपल्या पोलिसी बातम्यांची भाषा हाताशी आहे: तोतया पोलीस, बोलबच्चन, गंडा, बकरा, टोपी घालणे, चुना लावणे. ‘वंचना’, ‘प्रतारणा’ यांना आत घेऊ नका.

मार्कोस आणि हुआन पहिल्यापासून एकमेकांना ‘तू’च म्हणतील. बनावट ताव तयार करणाऱ्या म्हाताऱ्या सांदलेरला ‘तुम्ही’. संग्राहक विदाल गान्दोल्फो स्पेनचा आहे आणि त्याचा ढंग बाकीच्यांहून वेगळा ऐकू येतो. तो दाखवायला त्याच्या तोंडी एखादी प्रादेशिक बोली घालायचा मोह होतो, तो टाळा. वाक्यं थोडी नेटकी, थोडी पुस्तकी ठेवली की पुरतं. शिव्या भरपूर आहेत. त्या गाळल्या तर पात्रं खोटी वाटतात. ‘ला पुता मादरे’ला ‘च्यायला’ चपखल बसतं, ‘बोलुदो’ला ‘येड्या’. आमंत्रणातच ‘मुलांसाठी नाही’ असं लिहा.

आकडे अंकांत लिहा आणि लाखांत बसवा. स्पॅनिशमध्ये ‘दोनशे पन्नास हजार’ म्हणतात, तो आपला अडीच लाख. रुपयांत मात्र बदलू नका. सुरुवातीलाच सांगून टाका की तेव्हा एक पेसो म्हणजे एक डॉलर होता, आणि डॉलर साधारण ४५ रुपयांना. ‘तिकीट’ शब्दाने बस-रेल्वे आठवते, म्हणून पहिल्यांदा ‘टपाल तिकीट’, मग नुसतं ‘तिकीट’. ‘राण्या’ ऐकून काहींना पत्ते वाटतात. ‘नऊ राण्यांचा ताव’ असं दोनदा आलं की तो घोळ मिटतो. हा ताव चित्रपटासाठी कल्पिलेला आहे, कुठल्याही कॅटलॉगमध्ये शोधू नये.

फाइल आणि अक्षरं कुठे बिघडतात

सबटायटल पुढेमागे होत असेल तर पहिला आणि शेवटचा संवाद तपासा. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर अख्खी फाइल तेवढी सरकवा. सुरुवातीला बरोबर आणि शेवटी साडेचार मिनिटं चुकत असेल तर दोष फ्रेमच्या वेगात आहे: सेकंदाला २४ फ्रेमचा ११४ मिनिटांचा चित्रपट २५ फ्रेमच्या प्रतीत १०९ मिनिटांत संपतो. सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट बदलायची सोय आहे, ती वापरा. ओळी हाताने सरकवत बसू नका.

फाइल यूटीएफ-८ या अक्षर-पद्धतीतच (एन्कोडिंगमध्ये) साठवा, नाहीतर चौकोन दिसतात. वेळेचे आकडे इंग्रजी अंकांत हवेत. मराठी कळफलक चालू राहिला आणि चुकून ‘०१’ देवनागरीत टाइप झालं तर प्लेअर ते सबटायटल गाळून टाकतो, आणि कारण सापडता सापडत नाही. टीव्हीला पेनड्राइव्ह लावून दाखवायचं ठरवलं असेल तर जोडाक्षरं फुटण्याची तयारी ठेवा. परवानगी असेल तर अक्षरं चित्रावर छापून टाकणं उत्तम. एजिसबमध्ये फॉन्ट ठरवायचा आणि ‘हँडब्रेक’ या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमधून छापील प्रत काढायची. ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ ठळक वजनात, पांढरी अक्षरं, काळी कड. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांत घुसतात.

हॉल

घोडबंदर रोडवरचं क्लबहाऊस असो की नौपाड्यातल्या सोसायटीचा हॉल, छत साधारण दहा फुटांचं असतं आणि घोटाळा तिथेच होतो. दहा फूट रुंद पडदा टांगला तर उंची साडेपाच फुटांच्या वर जाते. म्हणजे खालची कड जमिनीपासून चार-सव्वाचार फुटांवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या रेषेत, आणि सबटायटल्स नेमकी तिथेच. म्हणून आठ फूट रुंदीचाच पडदा घ्या. त्याची उंची साडेचार फूट, खालची कड साडेचार फुटांवर, वर फूटभर मोकळं. खुर्च्या एकाआड एक सरकवून मांडा, पहिली ओळ पडद्यापासून दहा फुटांवर, सहा ओळींपेक्षा जास्त नको. शेवटची ओळ पंचवीसेक फुटांवर येते. तिथून वाचायचं तर अक्षर अडीच ते तीन इंच उंच हवं. आठ फूट पडद्यावर १०८० च्या चित्रात ते ५० ते ६० पिक्सेल होतं.

आठ फुटांसाठी ३,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो, हॉल अंधारा असेल तर. १.५ थ्रोचा, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागणारा, प्रोजेक्टर बारा फुटांवर बसतो. तो उंच ठेवल्यावर प्रकाशझोत छतावरच्या पंख्यातून तर जात नाही ना, हे पंखा चालू करून बघा. बंद पंख्याखाली सगळं ठीक दिसतं आणि लोक जमल्यावर पंखे लागले की चित्र लुकलुकायला लागतं. चित्र तिरपं आलं तर प्रोजेक्टर हलवा. बटणाने सरळ केलेल्या चित्रात बारीक अक्षरं पुसट होतात.

आवाज सोसायटीच्या भोंग्यांवर सोडू नका. स्पॅनिश कळत नसलं तरी खोटं बोलणाऱ्याचा सूर कानाला कळतो, आणि तो भोंग्यात हरवतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंना आठ-दहा इंची पॉवर्ड स्पीकर, तोंडाच्या उंचीवर, वायरने जोडलेले. ब्लूटूथने आवाज ओठांच्या मागे पडतो. ‘हम्म’ असा घुमा आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, निम्म्या वेळा तिथेच कारण असतं. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडखाली खेळ ठेवूच नका. वीज गेली तर प्रोजेक्टरचा दिवा गरम असताना बंद पडतो आणि लगेच पेटत नाही. एक केव्हीएचा यूपीएस त्या एका यंत्राला लावा.

साडेसातला सुरुवात करा, त्याआधी मे महिन्यात पुरता अंधार होत नाही. सव्वानऊ ते साडेनऊच्या दरम्यान चित्रपट संपतो आणि गप्पांना दहापर्यंत वेळ मिळतो. मध्यंतर नको. गोष्टीचा दाब सतत वाढत जातो, मध्येच वडापाव आला की तो उतरतो. खाणं सातला उरकून घ्या. प्रचाराच्या मेसेजमध्ये ‘ब्लफमास्टर’चं (२००५) नाव घेऊ नका. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना तेवढ्यावरून सगळा अंदाज येतो. २००४ मधल्या अमेरिकी रिमेकबद्दलही गप्पच राहा.

लाइटच्या बटणापाशी भरवशाचा माणूस बसवा. हुआनला चित्रपटभर इटालियन गायिका रीता पावोनेचं एक गाणं आठवत नसतं. ते शेवटी वाजतं, आणि तोवर सवयीने कुणीतरी लाइट लावलेले असतात. गाणं पूर्ण संपेपर्यंत अंधार ठेवा.

फक्त आयोजकांसाठी, ग्रुपवर टाकू नये

शेवटाकडे जो चेक येतो तो साधा नाही, बँकेने प्रमाणित केलेला आहे. नुसतं ‘चेक’ लिहिलं तर मार्कोस तो का घेतो हे आपल्या प्रेक्षकाला पटत नाही. ‘ड्राफ्ट’ लिहिलं तर कागदाची जात थोडी बदलते, पण भरवसा कळतो. ‘बँकेची हमी असलेला चेक’ हा मधला मार्ग. त्यानंतर बँकेच्या दारात उसळलेली गर्दी चित्रपटात आली २००० मध्ये. अर्जेंटिनाच्या सरकारने लोकांच्या ठेवी गोठवल्या, आठवड्याला फक्त २५० पेसो रोख काढायची मर्यादा घातली, ते डिसेंबर २००१ मध्ये. त्याला तिकडे ‘कोरालितो’ म्हणतात. ठाण्यात हे समजावून सांगावं लागत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध घातले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना १,००० रुपयेच काढता येत होते. हॉलमध्ये तो अनुभव घेतलेलं कुणी बसलेलं असू शकतं. हा विषय स्वतः उकरून काढू नका. कुणी काढला तर मात्र त्यांना बोलू द्या, आणि घड्याळ बघू नका.

गप्पांची सुरुवात ‘कसा वाटला’ने केली की दोन मिनिटांत संपते. त्याऐवजी चित्रपटातला पहिला प्रसंग, पेट्रोलपंपावरच्या दुकानातला, पुन्हा लावा, पण सबटायटल्सशिवाय. छापील प्रतीतून अक्षरं काढता येत नाहीत, म्हणून तेवढ्या तुकड्याची कोरी फाइल आधीच वेगळी करून ठेवा. पहिल्या वेळी सगळे हुआनच्या हाताकडे बघत होते. आता मार्कोस कुठे उभा आहे, कधी मान वर करतो आणि हुआन त्याच्याकडे एकदा तरी बघतो का, एवढंच बघायला सांगा.